तीन माणसांची पावती : फोर्ट मन्रो, मे १८६१

अमेरिकेच्या यादवी युद्धाचा विषय निघाला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. हे युद्ध गुलामगिरीवरून झालं, की देश फुटू नये म्हणून झालं? विचारणाऱ्याला दोहोंपैकी एकच उत्तर हवं असतं. मी तेव्हा फळ्यावर एक तारीख लिहितो, २३ मे १८६१, आणि त्या रात्रीची हकिगत सांगायला घेतो. तीन माणसं, एक होडी, एक किल्ला आणि त्या किल्ल्यावर आदल्याच दिवशी रुजू झालेला एक अधिकारी. हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्याचा अमेरिकेने किती आटापिटा केला आणि तो का फसला, ते या एवढ्याशा प्रकरणात जितकं स्पष्ट दिसतं तितकं मोठमोठ्या लढायांच्या वर्णनात मला कधी दिसलं नाही.

आधी जागा पाहू. व्हर्जिनिया राज्यात चेसापीक उपसागराच्या तोंडाशी जमिनीचं एक चिंचोळं टोक पाण्यात शिरलं आहे. त्याचं नाव ओल्ड पॉइंट कम्फर्ट. १६१९ सालच्या ऑगस्टमध्ये ‘व्हाइट लायन’ नावाच्या जहाजाने इथे वीसेक आफ्रिकी माणसं उतरवली आणि त्यांच्या बदल्यात शिधा भरून घेतला. इंग्रजांच्या त्या वसाहतीत आफ्रिकेतून आणलेली माणसं उतरल्याची पहिली नोंद ती हीच. पुढे १८१९ ते १८३४ या काळात याच टोकावर फोर्ट मन्रो उभा राहिला : जाड दगडी तट, भोवती पाण्याचा खंदक, आत जायला मोजकेच दरवाजे. तो बांधायला भाड्याने घेतलेले गुलाम राबले. बांधकामावरच्या तरुण अभियंत्यांत रॉबर्ट ली नावाचा एक जण होता. तीस वर्षांनी हाच ली फुटून निघालेल्या दक्षिणेचा सेनापती झाला.

१८६१ च्या वसंतात व्हर्जिनियाचा किनारा दक्षिणेच्या ताब्यात जात होता, पण हा किल्ला मात्र वॉशिंग्टनच्या सरकारकडे राहिला होता. शत्रूच्या मुलखाला चिकटलेलं सरकारचं एक बेटच म्हणा.

फुटून निघाले ते कशासाठी?

इथे थोडं मागे जावं लागतं. नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन निवडून आले. गुलामगिरी आहे तिथून हटवू असं त्यांचा पक्ष म्हणत नव्हता. नव्या प्रदेशांत ती पसरू देणार नाही एवढंच त्याचं म्हणणं होतं. तेवढ्यावर २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडलं आणि पाठोपाठ कापूस पिकवणारी आणखी सहा राज्यं निघाली. राज्यांचे हक्क, कर, अभिमान ही कारणं युद्धानंतर फार मोठी करून सांगण्यात आली. पण त्या वेळचे कागद आपल्यासमोर आहेत. फुटून निघण्याची कारणं देताना मिसिसिपीने पहिल्याच दमात लिहिलं, की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. दक्षिणेचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्ये सव्हाना शहरात जाहीर भाषण केलं आणि काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हीच आपल्या नव्या सरकारची कोनशिला आहे, असं सांगितलं. इतकं स्वच्छ बोललेल्या माणसांच्या तोंडी नंतर दुसरी कारणं घालायची म्हणजे त्यांच्यावरही अन्यायच.

उत्तरेचा प्रकार मात्र निराळा होता. लिंकन यांनी ४ मार्चला शपथ घेताना सांगितलं, की ज्या राज्यांत गुलामगिरी आहे तिथे ढवळाढवळ करण्याचा माझा हेतू नाही. १२ एप्रिलला साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट समटर या सरकारी किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा डागल्या गेल्या, युद्ध पेटलं, तरी भाषा तीच राहिली. जुलैमध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव करून जगाला कळवलं, की लढतोय ते संघराज्य टिकवायला, कुणाच्या राज्यातल्या ‘प्रस्थापित संस्था’ उलथवायला नाही. यामागे भित्रेपणा होता तसा हिशेबही होता. मेरिलँड, डेलावेअर, केंटकी आणि मिसुरी या चार राज्यांत गुलामगिरी होती आणि ती अजून संघराज्यात होती. मेरिलँड गेलं असतं तर राजधानीच चहूबाजूंनी वेढली गेली असती.

म्हणून सरकारने एक रेघ ओढली. रेघेच्या या बाजूला देशाची एकता आणि पलीकडे गुलामगिरी. रेघ कागदावर सरळ होती. पण रेघेपलीकडे १८६० च्या जनगणनेप्रमाणे ३९ लाख ५० हजारांच्या आसपास जितीजागती माणसं होती, त्यातली ४ लाख ९० हजारांवर एकट्या व्हर्जिनियात. त्यांना कान होते, डोळे होते, आणि आपल्या मालकांना इतकं घाबरवणारं हे सरकार आहे तरी कोण, हा विचार त्यांच्या मनात येणारच होता.

मार्चमध्येच याची चुणूक दिसली होती. फ्लोरिडातल्या फोर्ट पिकन्स या सरकारी किल्ल्यावर चार पळून आलेले गुलाम पोचले. आपल्याला सोडवायलाच हे शिपाई इथे बसले आहेत, अशी त्यांची समजूत. किल्ल्याचा अधिकारी लेफ्टनंट स्लेमर याने त्यांची ती समजूत काढून टाकली आणि त्यांना शहराच्या अधिकाऱ्यांच्या हवाली केलं. त्याच रात्री आणखी चार आले. त्यांचंही तेच झालं. स्लेमर कायद्याला धरूनच वागला होता. पळून गेलेला गुलाम मालकाला परत मिळावा हे राज्यघटनेतच लिहिलेलं होतं आणि १८५० च्या कायद्याने ते आणखी कडक केलं होतं.

होडी

२३ मे १८६१ रोजी व्हर्जिनियात सार्वमत झालं आणि मतदारांनी संघराज्य सोडण्याच्या निर्णयावर मोठ्या बहुमताने शिक्का मारला. मतदार म्हणजे अर्थातच गोरे पुरुष.

त्याच रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे सूएल्स पॉइंटवरून एका होडीत बसले. तिथे दक्षिणेचं सैन्य तोफांचा मोर्चा बांधत होतं आणि या तिघांना त्या कामावर जुंपलं होतं. मोर्च्याची तोंडं होती समोरच्या फोर्ट मन्रोच्या रोखाने. मधलं पाणी तीनेक मैलांचं. अंधारात ते वल्हवत किल्ल्याच्या बाजूला आले आणि पहाऱ्यावरच्या शिपायांच्या स्वाधीन झाले.

तिघेही शेतावर राबणारे. त्यांचा मालक कर्नल चार्ल्स मॅलरी हा त्याच भागातल्या दक्षिणेच्या फौजेचा अधिकारी होता. शेपर्डचं आडनाव पाहा : ते मालकाचंच. पळण्याचं कारण त्यांनी सकाळी सांगितलं. त्यांना लवकरच कॅरोलायनात सैन्याच्या कामावर नेणार होते. तिघांपैकी दोघांची बायकामुलं इथेच होती. एकाची बायको तर कायद्याने स्वतंत्र स्त्री होती. तिसऱ्याला धास्ती होती, की आपल्याला दक्षिणेच्या फौजेतच ओढतील.

त्यांच्या तोंडी ‘स्वातंत्र्य’ हा शब्द या नोंदीत आढळत नाही. बायकोपासून, पोरांपासून लांब नेतायत, एवढंच. मला हे फार मोलाचं वाटतं. बायकोमुलांच्या जवळ राहता यावं एवढ्यासाठी ते निघाले आणि त्यासाठी शत्रूच्या तोफांसमोरून रात्री होडी हाकायची त्यांची तयारी होती. समोरच्या किल्ल्याने मार्चमधल्या त्या आठ जणांसारखं परत पाठवलं असतं तर पाठीची सालटी निघाली असती आणि नंतर दूर दक्षिणेत विक्री. हा धोका तिघांनी पत्करला.

किल्लेदार

किल्ल्यावर जनरल बेंजामिन बटलर २२ मे रोजी दाखल झाला होता. हा कसलेला सैनिक नव्हता. लोवेल गावचा वकील होता, फौजदारी खटल्यांत नाव कमावलेला. लोवेल म्हणजे मॅसॅच्युसेट्समधलं गिरण्यांचं गाव. तिथे विणलं जाणारं कापड दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेल्या कापसाचं. बटलर गुलामगिरीचा विरोधकही नव्हता. १८६० च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात त्याने राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पन्नासहून अधिक फेऱ्यांत एकाच माणसाला मत दिलं होतं आणि तो माणूस होता जेफर्सन डेव्हिस, आता दक्षिणेचा अध्यक्ष! एप्रिलमध्ये मेरिलँडमध्ये उतरल्यावर तर बटलरने तिथल्या गव्हर्नरला कळवलं होतं, की गुलामांनी उठाव केलाच तर तो मोडायला माझे शिपाई देतो.

हा तपशील मी मुद्दाम सांगतो. इतिहासात काही घडलं की त्यामागे कुणीतरी थोर मनाचा माणूस असावा असं आपल्याला वाटतं. इथे तसा कुणी नव्हता. होता तो अडचण दिसली की कायद्यातली फट शोधणारा एक हुशार वकील, आणि त्याला मोर्चे बांधायला मजूर हवे होते.

२४ तारखेला सकाळी बटलरने तिघांची चौकशी केली. समोर कोणता मोर्चा बांधला जातोय, किती तोफा येणार, हेही त्याला त्यांच्याकडूनच कळलं. आणि त्याच दिवशी दुपारी पांढरं निशाण घेऊन मेजर जॉन कॅरी भेटीला आला. कॅरी शेजारच्या हॅम्प्टन गावातल्या लष्करी शाळेचा प्रमुख. आता दक्षिणेचा अधिकारी. किल्ल्याबाहेर खाडीपाशी दोघे भेटले. कॅरीने बऱ्याच गोष्टी काढल्या, पण मुद्दा एकच होता : कर्नल मॅलरींचे तीन गुलाम तुमच्याकडे आहेत, त्यांचं काय करणार?

पुढचं संभाषण बटलरने नंतर लिहून ठेवलं आहे. त्याने आपल्या बाजूला थोडी कल्हई केली असेल हे धरून चालू, पण युक्तिवाद त्याच आठवड्यातल्या त्याच्या सरकारी पत्रातही आहे, त्यामुळे मूळ मुद्द्याबद्दल शंका नको. कॅरी म्हणाला, पळालेला गुलाम परत करणं ही तुमच्यावर राज्यघटनेची जबाबदारी आहे. बटलर म्हणाला, ती घटना तुम्ही कालच सोडलीत. व्हर्जिनिया आता परका देश आहे असं तुम्हीच म्हणता. परक्या देशाला माझ्या देशाचा कायदा कसा लागू होईल? कॅरीही काही कच्चा नव्हता. त्याने बरोबर वर्मावर बोट ठेवलं. पण तुम्ही तर म्हणता आम्हाला फुटताच येत नाही. मग तुमच्या मते आम्ही अजून संघराज्यातच आहोत आणि तुम्हाला कायदा पाळावाच लागेल.

कॅरीचा हा सवाल रास्त होता. आपण फुटलो म्हणायचं आणि घटनेने दिलेलं संरक्षणही मागायचं, हा व्हर्जिनियाचा दोन्ही डगरींवर हात ठेवण्याचा प्रकार खराच. पण वॉशिंग्टनही तेच करत होतं. राज्यं फुटलीच नाहीत, ही नुसती बंडाळी आहे, असं लिंकन म्हणत. आणि १९ एप्रिलला त्यांनीच दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली होती, जी एक देश दुसऱ्या देशाशी लढताना करतो. या विसंगतीचा निवाडा सर्वोच्च न्यायालयात १८६३ मध्ये पाचास चार मतांनी झाला. यादवी इतकी मोठी असेल तर समोरचे बंडखोरही ठरतात आणि शत्रूही, असं न्यायालयाने म्हटलं. बटलरने हाच पवित्रा दोन वर्षं आधी, खाडीकाठी उभ्या उभ्या घेतला होता.

त्याचं उत्तर थोडक्यात असं : तुम्ही या माणसांना मालमत्ता म्हणता. ही मालमत्ता माझ्या किल्ल्यावर रोखलेला मोर्चा बांधायला वापरली जात होती. शत्रूची युद्धाला उपयोगी पडणारी मालमत्ता जप्त करायचा मला अधिकार आहे. म्हणून हे तिघे युद्धजप्त माल, काँट्राबँड. वर एक पुस्ती जोडली : कर्नल मॅलरी स्वतः किल्ल्यावर येऊन संघराज्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेणार असतील तर न्या खुशाल परत. मॅलरी येणार नव्हता हे दोघांनाही माहीत होतं.

पावती

दुसऱ्या दिवशी बटलरने सरसेनापती विन्फील्ड स्कॉट यांना पत्र लिहिलं. त्यातलं एक वाक्य वाचताना मी दरवेळी थांबतो. त्याने लिहिलं, की मला कामाला माणसं हवी आहेत आणि ही कामाची आहेत. तेव्हा सैन्याच्या गरजेपोटी कुणा नागरिकाची कोणतीही मालमत्ता ताब्यात घेतल्यावर जशी देतात तशी पावती कर्नल मॅलरींना पाठवीन.

पावती. घोडा घेतला की पावती, गव्हाची पोती घेतली की पावती, तशी फ्रँक, शेपर्ड आणि जेम्स यांचीही. या प्रकरणाची सारी ताकद त्या कागदात आहे आणि सारी लाजही त्यातच. बटलरने माणूस ही मालमत्ता असू शकत नाही असं म्हटलं असतं तर वॉशिंग्टनने त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं. ऑगस्टमध्ये जनरल फ्रीमाँट यांनी मिसुरीत बंडखोरांचे गुलाम मुक्त केल्याचं जाहीर केलं, तेव्हा लिंकन यांनी तो हुकूम फिरवला, आणि पुढे फ्रीमाँटना तिथून हलवलंही. बटलर टिकला कारण त्याने मालकाचाच शब्द उचलला आणि मालकावर उलटवला. पण त्यापायी ज्यांना वाचवलं ते कागदावर माल राहिले. कायद्याच्या अंगानेही हा युक्तिवाद लंगडाच होता; काँट्राबँड ही संज्ञा समुद्रावरच्या तटस्थ जहाजांतल्या मालाची. वकील म्हणून आपल्याला त्याचा फारसा अभिमान नाही, असं बटलरने स्वतःच पुढे कबूल केलं.

बटलरला एक गोष्ट मात्र लगेच कळून चुकली. तिघांची बातमी मळ्यामळ्यांतून पसरली होती. रविवारी, २६ तारखेला, आणखी आठ जण आले. सोमवारी सत्तेचाळीस. आणि या सत्तेचाळिसांत म्हातारेकोतारे, कडेवर पोरं घेतलेल्या बाया असे सगळेच.

इथेच घोडं पेंड खात होतं. तीन धट्टेकट्टे गडी मोर्चा बांधत होते, त्यांना युद्धसाहित्य म्हणता आलं. तान्ह्या मुलाला युद्धसाहित्य कसं म्हणणार? २७ मे रोजी बटलरने पुन्हा लिहिलं : आईबापांची सेवा घ्यायची आणि मुलांना घ्यायचं नाही, हे मी करू शकतो का? माणुसकीच्या बाजूने मला शंका नाही. राजकीय बाजूचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. दोन दिवसांपूर्वी ज्याच्या पत्रात पावतीची भाषा होती त्याच माणसाच्या लेखणीतून आता ‘माणुसकी’ शब्द उतरला. या बदलाचं श्रेय मी बटलरला थोडं देतो आणि कडेवर पोर घेऊन त्या दरवाजापाशी उभ्या राहिलेल्या बायांना पुष्कळ. त्यांनी दारात उभं राहून त्या युक्तिवादाची मर्यादा दाखवून दिली.

युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन यांचं उत्तर ३० मे रोजी आलं. आलेल्यांना परत देऊ नका, कामाला लावा, त्यांच्या कामाचा आणि खर्चाचा हिशेब ठेवा. शेवटी त्यांचं काय करायचं ते पुढे ठरवू. म्हणजे निर्णय घेतलाच नाही, आणि न घेताच परत पाठवणं बंद केलं.

जुलैअखेर किल्ल्यावर नऊशे माणसं झाली होती. बटलरने कॅमेरॉनना त्यांची मोजदाद पाठवली : कामाचे पुरुष ३००, काम न झेपणारे वृद्ध ३०, बायका १७५, दहा वर्षांखालची मुलं २२५, दहा ते अठरा वयाची १७०. आणि पुढे थेट विचारलं, ही माणसं गुलाम आहेत की स्वतंत्र? मालकांनी टाकून दिलेला माल ज्याने वाचवला त्याचा होतो म्हणावं, तर वाचवणारे आम्ही. आणि आम्हाला असली मालमत्ता नको आहे. मग मालकीचं नातंच संपलं, असं नाही का? एक वकील आपल्याच युक्तिवादाच्या शेवटच्या पायरीपर्यंत चालत गेला आणि तिथे त्याला माणूस सापडला.

६ ऑगस्टला काँग्रेसने पहिला जप्ती कायदा केला : बंडाच्या लष्करी कामाला जुंपलेल्या गुलामावरचा मालकाचा हक्क गेला. बेकर, मॅलरी आणि टाउनसेंड यांचं प्रकरण जसंच्या तसं कायद्यात उतरलं म्हणायला हरकत नाही. बाकीच्यांचं काय, हे त्यात नव्हतंच. आणि सगळीकडे फोर्ट मन्रोसारखं वागणं सुरू झालं असंही नाही. नोव्हेंबरमध्ये मिसुरीत जनरल हॅलेक यांनी पळून आलेल्या गुलामांना छावणीत शिरूच देऊ नका असा हुकूम काढला.

जळालेलं गाव

पहिल्या जप्ती कायद्याच्या दुसऱ्याच दिवशी, ७ ऑगस्टच्या रात्री, दक्षिणेच्या जनरल मॅग्रूडरने हॅम्प्टन गाव जाळलं. बटलर तिथे पळून आलेल्या गुलामांना वसवणार असल्याचं त्याच्या वाचनात आलं होतं. जाळणारे शिपाई त्या भागातलेच; काहींनी आपलीच घरं पेटवली. कॅरीची शाळाही गेली.

गावात विटांची धुराडी तेवढी उभी राहिली. पुढच्या काही महिन्यांत पळून आलेल्या लोकांनी त्याच धुराड्यांना टेकवून फळकुटांच्या झोपड्या उभारल्या. धुराडं मालकाच्या घराचं, खोली आपली. ओळी पडल्या, रस्ते झाले, रस्त्यांना नावं दिली : लिंकन, ग्रँट. गुलामांनी स्वतःच्या हाताने वसवलेलं हे अमेरिकेतल्या पहिल्या वस्त्यांपैकी एक.

ही वस्ती म्हणजे सुखाचं घर नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. पहिले काही महिने मजुरांना शिधा मिळे, पैसा नाही. शरद ऋतूत नवे जनरल वूल यांनी मजुरी ठरवली : धडधाकट पुरुषाला महिना १० डॉलर. त्यातले हातात पडायचे २. बाकीचे बायका, मुलं, वृद्ध यांच्या पोषणाच्या निधीत. गोऱ्या शिपायाला तेव्हा १३ डॉलर होते. त्यातही मजुरी वेळेवर मिळेना. किती जणांची थकली याच्या तक्रारींवर चौकशी बसवावी लागली. देवी आणि तापाच्या साथींनी माणसं गेली. संघराज्याच्या शिपायांनी लुबाडल्याच्या, मारल्याच्या तक्रारी होत्या त्या वेगळ्याच. परत न पाठवणं आणि माणूस म्हणून वागवणं यांत केवढं अंतर असतं ते या वस्तीने रोज भोगलं.

तरी माणसं येतच राहिली. सप्टेंबर १८६१ मध्ये मेरी पीक या जन्मतः स्वतंत्र काळ्या बाईने तिथे मुलांना शिकवायला सुरुवात केली. व्हर्जिनियाच्या कायद्याने काळ्यांच्या शाळेला बंदी असताना ती आधीपासून लपूनछपून शिकवत असे. तिला क्षय होता. अखेरच्या दिवसांत ती अंथरुणावरून शिकवत राहिली आणि फेब्रुवारी १८६२ मध्ये गेली. ज्या ओकच्या झाडाखाली तिने सुरुवातीला वर्ग भरवला असं सांगतात, ते झाड आजही हॅम्प्टन विद्यापीठाच्या आवारात आहे.

रेघ पुसली जाते

यानंतरचं पटापट सांगतो, कारण ते बहुतेक पुस्तकांत सापडतं. मार्च १८६२ मध्ये काँग्रेसने सैन्याधिकाऱ्यांना गुलाम परत देण्यास बंदी केली. एप्रिलमध्ये राजधानीतली गुलामगिरी मालकांना भरपाई देऊन संपवली. जुलैमध्ये दुसरा जप्ती कायदा आला आणि बंडखोरांचे गुलाम सैन्याच्या आश्रयाला येताच कायमचे मुक्त ठरले. ऑगस्टमध्ये लिंकन यांनी एका संपादकाला जाहीर पत्र लिहिलं : एकही गुलाम न सोडता संघराज्य वाचत असेल तर मी तसं करीन, सगळे सोडून वाचत असेल तर तसं करीन. हे वाक्य पुढे करून लिंकनना गुलामांशी देणंघेणं नव्हतं असं सांगणारे बरेच भेटतात. त्यांनी तारीख पाहावी. त्या वेळी मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिंकन यांच्या खणात तयार होता. ते पत्र म्हणजे, सगळे सोडल्याशिवाय संघराज्य वाचत नाही या निष्कर्षावर आलेल्या माणसाने लोकांना केलेली पूर्वतयारी होती. आणि या निष्कर्षावर त्यांना आणलं कुणी? उत्तरेच्या छावण्यांपाशी हजारोंनी येऊन उभ्या राहिलेल्या लोकांनी. युद्ध संपेपर्यंत असे लोक पाच लाखांच्या घरात गेले असा अंदाज केला जातो. १ लाख ७९ हजारांच्या आसपास काळे पुरुष सैन्यात लढले. त्यांच्याशिवाय देश एकसंध राहिला असता का, हा प्रश्न मी वर्गावर सोडतो.

या युद्धाचे धागे आपल्यापर्यंत दोन वाटांनी आले. नाकेबंदीमुळे दक्षिणेचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, मुंबईत शेअरबाजाराचं वेड लागलं आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारं कोसळलं. दुसरी वाट जोतीराव फुल्यांची. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष औदार्याबद्दल. आपल्या देशबांधवांनीही हा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं या आशेने. त्या अर्पणपत्रिकेत सोडवणाऱ्यांचा गौरव आहे. पण त्याच वर्षी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापला, तो दास्यात असलेल्यांनी स्वतः उठावं म्हणून. मला वाटतं, त्या तिघांच्या होडीची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली असती तर त्यांना ती फार जवळची वाटली असती.

किल्ल्याचं पुढे काय झालं? २२ मे १८६५ रोजी, बटलर रुजू झाल्याला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, पकडलेल्या जेफर्सन डेव्हिसला फोर्ट मन्रोच्या तटातल्या एका कोठडीत आणून बंद केलं. तो दोन वर्षं तिथे होता. फुटून निघणं हा देशद्रोह होता का, याचा खटला त्याच्यावर कधी चाललाच नाही. १८६७ मध्ये जामिनावर सुटला. राज्यांना फुटताच येत नाही, हे संघराज्य अभंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं ते १८६९ मध्ये, टेक्सास राज्याच्या रोख्यांच्या एका खटल्यात.

आता राहिली १ जानेवारी १८६३ ची गोष्ट. त्या दिवशी लिंकन यांनी मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. जाहीरनामा फक्त बंडखोर मुलखाला लागू होता. संघराज्याच्या ताब्यात आलेले बरेच भाग त्यातून वगळले होते आणि त्यांची नावंनिशी यादी दिली होती. व्हर्जिनियातल्या वगळलेल्या तालुक्यांत एलिझाबेथ सिटी आहे आणि नॉरफोक आहे. फोर्ट मन्रो, हॅम्प्टन आणि धुराड्यांना टेकलेली ती वस्ती एलिझाबेथ सिटीत. तिघे ज्या किनाऱ्यावरून निघाले तो सूएल्स पॉइंट नॉरफोकमध्ये. म्हणजे जिथून हे सगळं सुरू झालं नेमकी तीच पाण्याची दोन्ही टोकं जाहीरनाम्याच्या बाहेर राहिली. तिथली गुलामगिरी कायद्याने संपायला व्हर्जिनियातल्या संघराज्यनिष्ठ सरकारची १८६४ ची राज्यघटना यावी लागली आणि साऱ्या देशातली पूर्ण संपायला डिसेंबर १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती.

पण त्या १ जानेवारीला नॉरफोकमध्ये हजारो काळी माणसं रस्त्यावर उतरली. वगळलेल्यांच्या यादीत आपलं नाव असताना त्यांनी वाजतगाजत गावभर मिरवणूक काढली.